सात वर्षांच्या मुलाचे उत्तर

नवव्या शतकातल्या बगदादची एक छोटी हकीकत सूफी ग्रंथांतून वारंवार भेटते. सरी सकती ह्या नावाजलेल्या सूफींच्या भोवती काही मंडळी बसली आहेत आणि 'शुक्र' म्हणजे काय, ह्यावर बोलणे चालले आहे. त्यांचा सात वर्षांचा भाचा तिथेच खेळतो आहे. मामा त्यालाच विचारतात, की बाळ, शुक्र म्हणजे काय ते तू सांग. मुलगा उत्तर देतो, की ईश्वराने जे दिले त्याच्याच आधाराने त्याची अवज्ञा न करणे, म्हणजे शुक्र. जमलेल्या जाणत्यांना जमले नसते इतके नेमके हे उत्तर आहे. सरी मात्र शाबासकी देत नाहीत. ईश्वराकडून तुझ्या वाट्याला जे यायचे ते कदाचित तुझी जीभ एवढेच असेल, अशी भीती ते बोलून दाखवतात.

हा मुलगा म्हणजे पुढे सूफी पंथाचे आचार्य म्हणून मान्यता पावलेले जुनैद बगदादी. ते इ. स. ९१० मध्ये वारले. मामांच्या त्या वाक्याची आठवण होऊन आपण रडत आलो, असे ते उतारवयात सांगत. अबुल कासिम कुशैरी ह्यांनी १०४५ च्या सुमारास लिहिलेल्या 'रिसाला' ह्या ग्रंथात ही हकीकत आहे. पुढे फरीदुद्दीन अत्तार ह्यांनी आपल्या संतचरित्रांत ती मक्केत, हजच्या वेळी जमलेल्या चारशे शेखांच्या मेळाव्यात नेऊन ठेवली. स्थळ बदलले, श्रोते वाढले, पण मुलाचे उत्तर आणि मामांची भीती ह्या दोन गोष्टी जागच्या जागी राहिल्या.

वर्गात शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना ही हकीकत अस्वस्थ करते. विद्यार्थ्याने अचूक उत्तर दिले, आता गुण द्यायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे, हा आपला रोजचा व्यवहार. इथे शिक्षकाची काळजी सुरू होते तीच अचूक उत्तरापासून. जे जिभेला इतक्या लवकर साधले ते आत कधी उतरणार, असा त्यांचा प्रश्न आहे. इस्लामी धर्मशिक्षणात कृतज्ञता कशी शिकवली गेली, ह्याचा इतिहास पाहू लागल्यावर त्याच्या बुडाशी आम्हांला हाच प्रश्न दिसू लागला. त्या इतिहासातले काही टप्पे वाचकांसमोर ठेवावेत, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

१

आधी शब्दाकडे पाहू. मराठी वाचकाला 'शुक्र' म्हटले की वार किंवा ग्रह आठवतो. अरबी 'शुक्र' त्याहून निराळा. 'शुक्रगुजार' आणि 'शुक्रिया' हे हिंदी-उर्दूमुळे आपल्या कानांवर पडलेले शब्द त्याचेच. इ. स. १००० च्या आसपास होऊन गेलेले रागिब इस्फहानी हे कुराणातील शब्दांचे मोठे कोशकार. त्यांनी शुक्र ह्या शब्दाचा उलगडा असा केला आहे: मिळालेल्या देणगीची मनात जाणीव होणे आणि ती बाहेर प्रकट करणे. थोडक्या चाऱ्यावरही अंगाने भरणाऱ्या जनावराला अरबीत 'शकूर' म्हणत, ह्याची ते आठवण देतात. त्या जनावराला आभाराचा एक शब्दही उच्चारता येत नाही, पण धन्याने घातलेला चारा त्याच्या अंगावर दिसतो. शब्दाच्या इतिहासात जिभेच्या आधी शरीर आले आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

शुक्रचा विरुद्धार्थी शब्द 'कुफ्र'. त्याचा मूळ अर्थ झाकणे. बी मातीआड करतो म्हणून शेतकऱ्यालाही जुन्या अरबीत 'काफिर' म्हणत, आणि कुराणात एके ठिकाणी हा शब्द ह्याच अर्थाने आला आहे, असे बहुतेक भाष्यकार मानतात. मिळालेले झाकून टाकणे म्हणजे कृतघ्नता, आणि देणाऱ्यालाच नाकारणे म्हणजे अश्रद्धा. दोहोंसाठी शब्द एकच. जपानी अभ्यासक तोशिहिको इझुत्सु ह्यांनी १९५९ साली आणि नंतर सुधारलेल्या रूपात १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या कुराणातील नीतिसंज्ञांच्या अभ्यासात ह्या जोडीवर भर दिला आहे. त्यांच्या विवेचनावरून असे दिसते, की कुराणाच्या भाषेत श्रद्धा हा निव्वळ मताचा प्रश्न उरत नाही, देणगी ओळखण्याचा प्रश्न होतो. ज्याला आपण आज केवळ एक सद्गुण म्हणू, तो तिथे श्रद्धेच्या मुळाशी आहे.

आपला 'कृतज्ञ' हा शब्द इथे शेजारी ठेवून पाहावा. केलेले जाणतो तो कृतज्ञ, केलेले नष्ट करतो तो कृतघ्न. संस्कृतने जाणणे आणि मारणे ह्यांची जोडी केली, अरबीने उघड करणे आणि झाकणे ह्यांची. दोन्हींकडे आरंभ जाणिवेपासून आहे. आभार मानण्याचे शब्द मागून येतात.

आता धर्मशिक्षणातला पेच कुठे आहे ते दिसू लागते. मुलाच्या बाबतीत हा क्रम नेमका उलटा होतो. भारतातील अनेक मुस्लिम घरांत मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की 'बिस्मिल्ला'चा सोहळा होई. त्यानंतर मक्तबात अक्षरओळख आणि मग अर्थ न समजता केलेले कुराणाचे वाचन. पहिला अध्यायच ईश्वराच्या स्तुतीने सुरू होतो. जेवण झाले, शिंक आली, कुणी खुशाली विचारली, की 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणायचे, हे तर मूल त्याही आधी आईकडून शिकलेले असते. म्हणजे जीभ पुढे, अर्थ मागे आणि भाव त्याच्याही मागे. परंपरेने ह्याला दोष मानलेले नाही. हृदयाचा शुक्र, जिभेचा शुक्र आणि अवयवांचा म्हणजे कृतीचा शुक्र असे तीन प्रकार तिने मानले, आणि जिभेचे दार सगळ्यांत आधी उघडते म्हणून तिथून आत जायचे ठरवले. पण दारातच मुक्काम पडला तर काय, ही सरी सकतींची भीती.

२

ह्या भीतीवरचा सर्वांत सविस्तर विचार अबू हामिद गझाली ह्यांनी केला, आणि त्यांच्या चरित्रात जिभेची एक विलक्षण गोष्ट आहे.

गझाली १०५८ साली इराणातील तूस येथे जन्मले. वडील लवकर वारले. त्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी एका सूफी मित्राकडे थोडे पैसे ठेवले होते, तेही संपले. तेव्हा त्या मित्राने दोघा भावांना सांगितले, की आता मदरशात जा, तिथे विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय असते. ज्ञानासाठी इतके लिहिणारा हा माणूस प्रथम मदरशात गेला तो अन्नासाठी. ज्ञान आम्ही ईश्वरासाठी शोधले नव्हते, पण ते दुसऱ्या कुणाचे व्हायला तयार होईना, अशा आशयाचे त्यांचे उद्गार चरित्रकारांनी नोंदवले आहेत. १०९१ साली वजीर निजाम-उल-मुल्क ह्यांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक नेमले. त्या काळी विद्वानाला ह्याहून मोठी जागा क्वचितच मिळाली असती.

१०९५ साली त्यांची वाचा बंद पडली. आत्मकथनात ते लिहितात, की वर्गात शिकवायला बसावे आणि तोंडातून एक शब्द फुटू नये, अशी अवस्था झाली. अन्न जाईना, वैद्यांनी हात टेकले. आपण शिकवतो ते कीर्तीसाठी, हे त्यांना उमगले होते आणि सोडवत नव्हते. शेवटी पद सोडून ते दमास्कसकडे निघाले. भटकंतीच्या आणि एकांताच्या त्या काळात 'इह्या उलूम अद-दीन' हा चाळीस खंडांचा ग्रंथ आकाराला आला. त्याचा बत्तिसावा खंड धैर्य आणि शुक्र ह्यांवर आहे. ज्याची जीभ ऐन वर्गात अडली, त्याने जिभेपलीकडच्या कृतज्ञतेवर लिहावे, हा योगायोग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो.

गझालींच्या मते शुक्र तीन गोष्टींनी बनतो: ज्ञान, भाव आणि कृती. ज्ञानातून भाव निपजतो, भावातून कृती. ह्यासाठी त्यांनी दिलेले दृष्टान्त कुठल्याही शिक्षकाने अभ्यासावेत असे आहेत. प्रवासाला निघालेल्या राजाने एकाला घोडा दिला. तो माणूस तीन प्रकारे आनंदी होऊ शकेल. घोडा मिळाला म्हणून, हा एक प्रकार. घोडा रस्त्यात सापडला असता तरी हाच आनंद झाला असता, तेव्हा ह्यात राजाचा संबंध नाही. राजाची आपल्यावर मर्जी आहे म्हणून, हा दुसरा. ह्यात देणाऱ्याची जाणीव आहे, पण पुढेही मिळत राहील ही आशाही आहे. तिसरा माणूस आनंदी होतो, कारण आता ह्या घोड्यावर बसून त्याला राजाबरोबर जाता येईल, त्याच्या सेवेत राहता येईल. पहिल्याला गझाली शुक्र म्हणतच नाहीत. दुसरा काही अंशी शुक्र. पूर्ण शुक्र तिसरा, कारण त्यात देणगी मुक्कामाची जागा न राहता वाटेचे साधन होते.

दुसरा दृष्टान्त लेखणीचा. राजाने बक्षिसाचे फर्मान काढले, तर शहाणा माणूस कागदाचे आणि लेखणीचे आभार मानत बसत नाही. खजिनदार आणि कारभारी हेसुद्धा त्या व्यवहारात लेखणीसारखेच आहेत, असे गझाली म्हणतात. माणूस माणसाला देतो तेव्हा देण्याची प्रेरणा त्याच्या मनात कुणी घातली, हे पाहा, असा त्याचा रोख. ह्या दृष्टान्तात एक स्फोटक शक्यता आहे आणि ती पुढे आपल्याला लागणार आहे. माणसांतला प्रत्येक दाता जर निव्वळ लेखणी असेल, तर कुणाही दात्याला आपल्या उपकाराचा टेंभा मिरवता येणार नाही.

त्यानंतर गझाली भाकरीकडे वळतात. एक घास तोंडात जाण्यासाठी काय काय लागले, ह्याची त्यांनी पानेच्या पाने भरली आहेत. बी, पाणी, माती, सूर्य, ऋतू. नांगर करणारा सुतार आणि लोहार, धान्य वाहून आणणारा व्यापारी, दळणारा, भाजणारा. मग उचलणारा हात, चावणारे दात, घास ओला करणारी लाळ, पचवणारे पोट. वाचताना आपण धर्मग्रंथ वाचतो आहोत की शरीरशास्त्र आणि अर्थशास्त्र, असा संभ्रम पडावा. गझालींची पद्धत मात्र स्पष्ट आहे. कृतज्ञ राहा, असा उपदेश ते करत नाहीत. काय मिळाले आहे ते दाखवत राहतात. न कळलेल्या गोष्टीबद्दल कृतज्ञता उत्पन्न होऊच शकत नाही, म्हणून शुक्रचे शिक्षण हे प्रथम जगाचे शिक्षण ठरते.

राहिली कृती. जुनैदांचे बालपणीचे उत्तर गझालींनी जणू विस्ताराने लिहून काढले आहे. जी वस्तू ज्यासाठी आहे तिचा त्यासाठी उपयोग करणे म्हणजे शुक्र, आणि उलट वापर म्हणजे देणगीचा कुफ्र. गरज नसताना झाडाची फांदी मोडणारा माणूस दोन देणग्यांशी कृतघ्न ठरतो, झाडाशी आणि स्वतःच्या हाताशी. सोन्याचांदीची नाणी स्वतः खाता येत नाहीत की नेसता येत नाहीत. ती निरनिराळ्या वस्तूंचे मोल ठरवण्यासाठी, हातोहाती फिरण्यासाठी आहेत. ती पुरून ठेवणे म्हणजे लोकांचा न्यायाधीश तुरुंगात डांबण्यासारखे आहे. कृतज्ञतेच्या प्रकरणात साठेबाजीवर टीका येते ती अशी.

हे सगळे केले तरी शुक्र पुरा होतो का? परंपरेने ह्याचे उत्तर प्रेषित दाऊद ह्यांच्या तोंडी घातले आहे. ते ईश्वराला विचारतात, की आभार मानण्याची बुद्धी हीदेखील तुझीच देणगी, मग तिचे आभार कसे मानू? हे तुला कळले, तेव्हाच तू शुक्र केलास, असे त्यांना उत्तर मिळते. फिटणार नाही हे कळणे हीच फेड.

३

गझालींचा ग्रंथ विद्वानांसाठी होता. मुलांपर्यंत शुक्र पोहोचला तो गोष्टींतून, आणि पूर्वेकडच्या विशाल फारसी जगात गोष्टी सांगणारे होते शिराजचे सादी. त्यांचे 'बूस्तान' १२५७ साली आणि 'गुलिस्तान' १२५८ साली पूर्ण झाले. १२५८ हेच मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केल्याचे वर्ष. त्यानंतर कित्येक शतके इस्तंबूलपासून बंगालपर्यंत फारसी शिकणारे मूल ह्या दोन पुस्तकांतून गेले. भारतात त्यात मुस्लिम मुले होती तशी कारकुनी पेशाच्या हिंदू घरांतली मुलेही होती, कारण दरबाराची भाषा फारसी होती. 'पारसनीस' हे आडनाव मराठीत त्या काळाची खूण म्हणून अजून टिकून आहे.

'बूस्तान'चा आठवा अध्याय पूर्णपणे शुक्रवर आहे. त्यातली एक गोष्ट फार साधी आहे. तरुण मुलगा आईचे ऐकेनासा झाला. तिचा जीव पोळला. शेवटी तिने त्याचा जुना पाळणा त्याच्यासमोर आणून ठेवला. अंगावरची माशी हाकलण्याचे त्राण ज्याला नव्हते तो तूच होतास, एवढेच तिला सांगायचे होते. गझालींनी पानेच्या पाने खर्चून जे सांगितले, ते इथे एका वस्तूने झाले. झाकलेले उघडे करणे ह्या मूळ अर्थाचा ह्याहून चांगला पाठ आम्हांला माहीत नाही.

दुसरी गोष्ट राजपुत्राची. घोड्यावरून पडून त्याची मान आखडली. ग्रीसहून आलेल्या एका ज्ञानी वैद्याने ती सरळ केली. पुढे तो वैद्य भेटायला गेला, तेव्हा त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. काल मी ही मान वळवली नसती, तर आज ती माझ्यापासून वळली नसती, असे पुटपुटत तो परतला. त्याने धुपात टाकायला एक बी पाठवले. धूर झाला, राजपुत्राला शिंक आली आणि मान पुन्हा पहिल्यासारखी झाली. मुलांना ही गोष्ट का आवडत असेल ते सांगायला नको. शिंकेनंतर 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणायला शिकलेल्या मुलांना तर तिच्यातली खोच अधिकच कळत असेल.

तथापि सादींच्या वर्गात शुक्रची दिशा हळूहळू बदलताना दिसते, आणि हे नमूद केल्याखेरीज हा इतिहास प्रामाणिक होणार नाही. 'गुलिस्तान'च्या आरंभी प्रत्येक श्वासातल्या दोन देणग्यांचा प्रख्यात विचार आहे: आत जाणारा श्वास आयुष्य वाढवतो, बाहेर येणारा जिवाला सुखावतो. ही प्रस्तावना पुढे जाते ती शिराजच्या राज्यकर्त्याच्या स्तुतीकडे. ईश्वराच्या ऋणावरून आश्रयदात्याच्या ऋणावर येणे किती सहज आहे! ह्याच सहजतेने कृतज्ञता ही दरबारी निष्ठेची भाषा झाली. 'निमकहराम' हा फारसी शब्द मराठीत रुजला आणि खाल्ल्या मिठाला जागणे हा तर आपला अस्सल मराठी वाक्प्रचार. मिठाची ही नीती दोन्ही समाजांनी वाटून घेतली. तिच्यात घेणारा खाली आणि देणारा वर हे पक्के असते, आणि देणाऱ्याने अन्याय केला तर काय, हा प्रश्नच उद्भवत नाही.

त्याच आठव्या अध्यायाच्या शेवटी सोमनाथची कथा आहे. निवेदक मंदिरात राहतो, मूर्तीचा हात दोरी ओढून वर नेला जातो हे शोधून काढतो आणि पुजाऱ्याला ठार करतो. सादी सोमनाथला गेले होते हेच अभ्यासकांना मान्य नाही. कथेत ब्राह्मण आणि अग्निपूजक ह्यांची सरमिसळ झालेली आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी तिच्यात असलेला तुच्छभाव आज कुठल्याही वर्गात शिकवण्यासारखा नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण कथेचा अखेरचा कल वेगळीकडे आहे. प्रार्थनेला हात उचलताना निवेदकाला ती मूर्ती आठवते आणि कळते, की आपलाही हात आपल्या बळावर उचलला जात नाही, कुणी अदृश्य दोरी ओढतो आहे. गझालींची लेखणी इथे परत आली. ज्याचा उपहास करायला निघाले त्याच्यातच निवेदकाला स्वतःचे चित्र दिसले. मात्र मधल्या हिंसेचे काय, ते कथा विचारत नाही.

कृतज्ञता खालून वर मागितली जाते, तेव्हा तिचा सर्वांत जड भाग घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसावर पडतो. बुखारींच्या हदीससंग्रहात पतीचे उपकार नाकारणाऱ्या स्त्रियांविषयीचे कथन आहे आणि तिथे 'कुफ्र' हाच शब्द येतो. पुढच्या उपदेशपर वाङ्मयात त्याचा वापर पत्नीला तिची पायरी दाखवण्यासाठी पुष्कळ झाला. परंतु त्याच परंपरेत ह्याला तोडही आहे. जो माणसांचे आभार मानत नाही तो ईश्वराचेही मानत नाही, ह्या आशयाचे वचन अबू दाऊद आणि तिर्मिझी ह्यांच्या संग्रहांत आहे, आणि त्यात वर-खाली असा भेद नाही. त्याहून महत्त्वाचे असे, की 'शकूर' हे कुराणात ईश्वराचेही विशेषण आहे. थोडक्या चाऱ्यावर भरणाऱ्या जनावराचा शब्द थेट ईश्वराला लावला, कारण तोही माणसाच्या थोडक्या कृतीची पुष्कळ किंमत करतो. सर्वांत वरचा जर खालच्याची कदर करतो, तर नवऱ्याने, मालकाने, शिक्षकाने ती का करू नये? हा प्रश्न वर्गात विचारला गेला असता, तर शुक्रच्या शिक्षणाचा इतिहास थोडा निराळा झाला असता.

४

एकोणिसाव्या शतकात फारसीचे राज्य संपले. सरकारी शाळा आल्या, छापील क्रमिक पुस्तके आली. मेरठचे इस्माईल मेरठी (१८४४ ते १९१७) हे ह्या बदलाच्या मध्यावर उभे असलेले शिक्षक. त्यांच्या उर्दू वाचनमालेतून कित्येक पिढ्या अक्षरे शिकल्या. त्यांची गायीवरची बालकविता भारत-पाकिस्तानातल्या उर्दू वाचकांना आजही तोंडपाठ असते. ज्याने आमची गाय घडवली त्याचे आभार मान, असे भावंडाला सांगून ती सुरू होते. मग काल रानात चरलेले गवत सकाळी दूध होऊन आले, ह्याचे नवल करते. कुराणातही जनावराच्या पोटातून शुद्ध दूध येण्याच्या नवलाकडे लक्ष वेधलेले आहे. गझालींची भाकरी ती हीच, फक्त मुलाच्या उंचीला आणून ठेवलेली. कवितेत नरकाची भीती नाही, राजाची स्तुती नाही. गवताचे दूध होते हे कळले, की शुक्र आपोआप मागून येतो, एवढा विश्वास आहे. आणि गाय ही त्या मुलाच्या हिंदू शेजाऱ्याच्या दारातही तशीच उभी असते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मौलाना अशरफ अली थानवी ह्यांनी खास स्त्रियांसाठी 'बिहिश्ती जेवर' लिहिले, आणि घरात बसून वाचता येईल अशा भाषेत शुक्रसह सगळे सद्गुण त्यांच्यापर्यंत नेले. साक्षरतेचे दार उघडले, पायऱ्यांची उतरंड मात्र बरीचशी तशीच राहिली. ह्यानंतर आली ती परीक्षा. आज इंडोनेशियापासून कितीतरी ठिकाणच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत शुक्रचा धडा असतो आणि हृदय, जीभ, अवयव ही त्रयी त्यात क्रमांक घालून दिलेली असते. मुले ती पाठ करतात आणि लिहितात. हृदयाचा शुक्रही उत्तरपत्रिकेत येतो तो अखेर जिभेचाच होऊन.

अलीकडे तिसरी भर पडली आहे ती मानसशास्त्राची. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलक ह्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आपल्याला लाभलेल्या गोष्टींची नियमित नोंद ठेवणाऱ्यांना अधिक बरे वाटते, असे दिसून आले. तेव्हापासून कृतज्ञतेच्या वह्या जगभरच्या वर्गांत गेल्या आणि इस्लामी शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनीही त्यांची दखल घेतली. नोंद ठेवण्यात गैर काही नाही; गझालींनीही ती भाकरीपुरती ठेवलीच होती. फरक शेवटात आहे. वहीच्या शेवटी लिहिणाऱ्याला बरे वाटते. गझालींच्या यादीच्या शेवटी पुरलेली नाणी बाहेर काढावी लागतात आणि फांदी मोडणारा हात मागे घ्यावा लागतो. घोड्याच्या दृष्टान्तातल्या पहिल्या माणसालाही बरेच वाटत होते.

५

मग शुक्र शिकवता येतो का? जुनैदांच्या हकीकतीचा आणखी एक पाठ आहे. त्यात उत्तर ऐकून मामा विचारतात, की हे तू कुठून शिकलास? मुलगा म्हणतो, तुमच्याजवळ बसून. सरी सकती शुक्रवर पाठ देत नव्हते. मुलगा खेळत होता आणि मोठ्यांचे वागणे पाहत होता. शब्द त्याला तिथे मिळाला आणि शब्दावर थांबण्याची भीतीही तिथेच मिळाली. त्या भीतीचे ओझे त्याने जन्मभर वाहिले. ते ओझे हेच त्याचे शिक्षण होते, असे आता आम्हांला वाटते.

साहित्य शिकवणाऱ्यांना ही गोष्ट परकी नाही. आपणही करुणा, शांत, भक्ती हे शब्द फळ्यावर लिहितो, व्याख्या सांगतो, उदाहरणे देतो, आणि मार्च महिन्यात ते सगळे सुवाच्य अक्षरांत आपल्याकडे परत येते. एखादी उत्तरपत्रिका इतकी नेमकी असते, की पूर्ण गुण देताना पेन क्षणभर थबकते. गुण तर द्यायचेच, कारण उत्तर बरोबर आहे. पण त्या थबकण्यात सरी सकतींच्या भीतीचा अंश असतो, आणि तो आपल्यात शिल्लक आहे तोवर शिकवणे चालू आहे असे म्हणायला हरकत नाही.